गाऱ्हाणं ऐकणारा फोन

आबांसाठी मी जो फोन आणला त्याला एकही बटण नव्हतं. पडद्यावर चित्रं नाहीत, आकडे नाहीत, वरून खाली ओढायचं काही नाही. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा, कडेने जरासा मऊ. आईबापांना फोन शिकवताना ज्यांचा संयम सुटलेला आहे, म्हणजे माझ्या पिढीतले सगळेच, त्यांना हा फोन पाहून भरून आलं असतं. यात शिकवण्यासारखं काही नव्हतंच. फोनच माणसाला शिकून घ्यायचा.

आमच्या घरात मात्र हे शिकून घेणं जरा अवघड जाणार होतं. कारण आबांना बोलता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण एकाच प्रकारचं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा!" इथून सुरू होणारं.

आबा, म्हणजे माझे वडील जयराम धुरी, एसटीत कंडक्टर होते, पण गावात त्यांना त्या नात्याने कोणी ओळखत नसे. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. कोणी विहीर खणायला घेतली, कोणाची मुलगी परदेशी निघाली, कोणाची गाय आजारी पडली, की आबांनी नारळ हातात घेऊन देवापुढे उभं राहायचं आणि त्या माणसाच्या वतीने देवाला अर्धं विनवायचं, अर्धं दटावायचं. त्यांचं एक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "होय म्हाराजा!" हे म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मी चालायला शिकायच्या आधी हे म्हणायला शिकले असणार. पुण्यात इतकी वर्षं काढली तरी कोणी तसा हेल काढला की माझ्या तोंडून ते आपोआप निघतं.

दिवाळीनंतर आबांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. 'पाणी' म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. पण तोंड उघडलं की गाऱ्हाण्याची ओळ अख्खी बाहेर पडायची, खणखणीत, एक अक्षर न चुकता. तहान लागली तरी गाऱ्हाणं, पंखा बंद करायचा असला तरी गाऱ्हाणं. शेजारच्या शेवंतीकाकी त्यांचं जेवणखाण बघायच्या. त्या एकदा मला फोनवर म्हणाल्या, "अगो बाय, देवाकच कळत असात तेंका काय व्हया ता. माका तर नाय कळणा."

कुडाळच्या वाचोपचार केंद्रात मैथिली सामंत नावाची मुलगी आहे. मुलगी म्हणते, पण चांगली पस्तिशीची तज्ज्ञ आहे. तिने मला समजावून सांगितलं. आपण मनातलं बोलतो तेव्हा मेंदूचा डावा भाग एकेक शब्द निवडून वाक्य जुळवतो. आबांचा तोच भाग मेला होता. पण वर्षानुवर्षं घोकलेलं जे असतं, पाढे, आरत्या, शिव्यासुद्धा, ते मेंदू वेगळ्या ठिकाणी अख्खंच्या अख्खं ठेवतो आणि तसंच अख्खं बाहेर काढतो. आबांचं ते कोठार शाबूत होतं. डॉक्टर आजवर अशा बोलण्याला निरर्थक समजत आले होते.

"पण ते निरर्थक नसतं," मैथिली म्हणाली. "त्यांना काहीतरी सांगायचं असतंच. सांगायची इच्छा तयार होते, शब्दांचा रस्ता बंद असतो, म्हणून ती मिळेल त्या वाक्यात बसून बाहेर येते. वाक्य तेच, पण आत बसलेला माणूस दरवेळी वेगळा."

फोन नेमका त्या आत बसलेल्या माणसाला शोधायचा. कानामागे टिकलीएवढी एक चकती चिकटवायची. गळ्याचे आणि जबड्याचे स्नायू बोलण्याआधी कसे ताणले जातात, श्वास कुठे तुटतो, आवाज कुठल्या अक्षरावर चढतो, हातातल्या फोनवरची पकड कधी घट्ट होते, हे सगळं तो टिपायचा. शब्दांकडे तो लक्षच द्यायचा नाही. मग घरात काय चाललंय, कशाबद्दल बोलणं झालं, वेळ कुठली, हे धरून एक अंदाज करायचा आणि तो मोठ्याने सांगायचा. अंदाज बरोबर ठरला की 'टुक' असा बारीक आवाज करून पक्का करायचा. असं करत करत तो एकाच माणसाचा शब्दकोश तयार करायचा. जगात दुसऱ्या कोणाला उपयोग नाही असा शब्दकोश.

सुरू करताना फोनने मला एकच गोष्ट विचारली. अंदाज बरोबर की चूक हे कोण सांगणार, घरातली माणसं की ते स्वतः? घरच्यांनी नुसतं होय किंवा नाही म्हणायचं होतं, आठदहा दिवसांत काम होणार होतं. त्यांनी स्वतः सांगायचं तर डाव्या अंगठ्याने फोन दाबायला शिकायचं, त्याला दोन महिनेही लागले असते. माझी रजा संपत आली होती. मी घरातली माणसं निवडली. सोपं ते बरं, असं मला वाटलं.

पहिला अंदाज आला तेव्हा दुपार होती, आम्ही पडवीत होतो. आबांनी माझ्याकडे बघून परगावाहून आलेल्यांसाठीची ओळ म्हटली, "बा देवा म्हाराजा, लेकरू लांबसून इलाहा, तेची रखवाली कर रे म्हाराजा!" शेवटचा शब्द त्यांनी नेहमीसारखा लांबवला, आणि तो विरायच्या आत फोन बोलला, "चहा कर."

तो आवाज आबांचा होता. मी दिलेल्या जत्रेतल्या जुन्या चित्रणांवरून फोन तो बनवणार हे मला आधी माहीत होतं, तरी मी आबांच्या ओठांकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी आबांनी मला काहीतरी सांगितलं होतं. शेवंतीकाकी हात जोडून उभ्या. "होय म्हाराजा," आम्ही दोघी म्हणालो, आणि फोन म्हणाला, टुक.

मग घरात चमत्कारांची रांगच लागली. फोन म्हणायचा, "मला उन्हात बसव." आम्ही बसवायचो. फोन म्हणायचा, "भाजीत मीठ कमी आहे." काकी ओशाळून मीठ टाकायच्या. आबांची भाषा जरा बातम्या देणाऱ्यासारखी झाली होती, मालवणीचा गंध उरला नव्हता, त्यावरून मी त्यांना चिडवायचे. आबा माझ्याकडे टक लावून बघायचे. मी रोज नवऱ्याला, केदारला, फोन करून सांगायचे की विज्ञान म्हणतात ते हे. आणि एका सकाळी फोनने ते वाक्य म्हटलं ज्याची मी वाट बघत होते.

"मी तुझ्याबरोबर पुण्याला यायला तयार आहे."

मला हवं होतं ते हेच. केदारने खालच्या मजल्यावरची खोली रिकामी केली होती. काकी तरी किती दिवस पुरणार, त्यांचेही गुडघे धरलेले. मी आनंदाने आबांचा हात धरला. "होय म्हाराजा!" मी म्हटलं, काकीही म्हणाल्या, डोळ्यांना पदर लावत. टुक.

निघायच्या दिवशी गाडी घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. हल्ली कुडाळहून गाड्या चालकाशिवायच येतात. तिने दार उघडून ठेवलं आणि गोड आवाजात प्रवाशांनी बसून घ्यावं असं सांगायला लागली. आबांना आम्ही पायरीपर्यंत आणलं. तिथे त्यांनी डाव्या हाताने पडवीचा खांब धरला.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "काय चुकला माकला असात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"मला फार आनंद झाला आहे," फोन म्हणाला. "चला, निघूया."

"होय म्हाराजा," काकी म्हणाल्या. टुक.

आबा रडत होते. तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलासारखे, नाक गळेपर्यंत रडत होते आणि खांब सोडत नव्हते. मी त्यांच्या बोटांकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. 'टुक' माझ्या कानात तसंच राहिलं होतं. आम्ही तर काहीच सांगितलं नव्हतं. काकी नुसतं गाऱ्हाण्याला होय म्हणाल्या होत्या.

"काकी, तुम्ही आत्ता होय कशाला म्हणालात?"

"अगो बाय, गाऱ्हाण्याक होय म्हणूचा नाय तर काय म्हणूचा? अर्धा ऱ्हवला तर बरा नसता."

पहिल्या दिवसापासून हेच चाललं होतं. आबा ओळ म्हणायचे, शेवटचा शब्द लांबवायचे, त्या लांबवण्यात फोन आपला अंदाज सांगून मोकळा व्हायचा, आणि मग आम्ही दोघी, देवाला स्मरून, आबांच्या गाऱ्हाण्याला होय म्हणायचो. फोनला काय कळणार होय कोणाला आहे ते! त्याच्या लेखी त्याचा एकही अंदाज कधी चुकला नव्हता. आणि अंदाज तरी कशावरून, तर घरात जे बोललं जायचं त्यावरून. घरात पुण्याचं बोलत होते मी. आबांच्या आवाजात मी स्वतःशीच गप्पा मारत होते.

"दुपारची चाय," काकी हळूच म्हणाल्या. "जल्मात दुपारची चाय घेतली नाय त्यांनी. माका वाटला, आजारपणात सवय बदलली आसतली."

एवढे दिवस ते निमूट चहा पीत होते. गाडी अजून बसून घ्या म्हणत होती. तिला मी परत पाठवलं, तेही इतक्या जोरात ओरडून की ती बिचारी 'क्षमस्व' म्हणाली.

मैथिलीने फोनची सगळी शिकवण पुसून टाकली आणि या वेळी अंगठ्याचा मार्ग लावून दिला. फोनने अंदाज सांगायचा, आबांना पटला तर त्यांनी दाबायचं, नाही तर नाही. घरच्यांचं होय आता मोजलं जाणार नव्हतं. मी ऑफिसला आणखी रजा मागितली. त्यांनी दिली, पण ज्या सुरात दिली तो मी विसरणार नाही.

फोन आता रोज तोंडावर आपटायचा. चहा कर? अंगठा हलायचा नाही. उन्हात बसव? नाही. मीठ? नाही. पुण्याला यायचंय? नाही. आबा ओळ म्हणायचे, फोन सात-आठ अंदाज टाकायचा, आणि तो अंगठा आपला कडेला स्वस्थ. कित्येक दिवस असेच गेले. मला वाटायला लागलं की आत खरंच कोणी उरलेलं नाही, मी उगाच एका रिकाम्या घराची कडी वाजवतेय. ते मनात आलं त्या दिवशी मी विहिरीपाशी जाऊन भरपूर रडले.

आणि मग एका संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी, आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. एक ओळ नव्हे, चांगल्या चार-पाच ओळी, एकामागून एक. फोनने दोन-तीन अंदाज टाकले. अंगठा हलला नाही. फोन गप्प झाला. इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं बंद पडला. मग तो आबांच्या आवाजात नाही, स्वतःच्या साध्या आवाजात बोलला.

"हे बोलणं घरातल्या कोणासाठी नाही."

आबांचा अंगठा आत गेला. टुक.

मी तिथल्या तिथे मैथिलीला फोन लावला. ती म्हणाली, "माणूस माणसाशी बोलतो ना, तेव्हा बोलणं संपल्यावर त्याचं शरीर थांबतं. श्वास अर्धा धरला जातो, कानाजवळचे स्नायू ताणले जातात. समोरच्याच्या उत्तराची ती तयारी असते, आपल्याला कळतही नाही. फोनला या बोलण्यामागे ती तयारी दिसली नसणार. ते उत्तराची वाट बघत नाहीयेत."

"मग कोणाशी बोलतायत?"

"ते फोनला माहीत नाही. मलाही नाही."

"तेतूर इचारूचा काय?" काकी वात सारखी करत म्हणाल्या. "देवाक सांगतत."

म्हणजे आबांच्या बोलण्यात दोन प्रवाह होते आणि आम्ही सगळे, डॉक्टर धरून, त्यांचा एकच चिखल करून बसलो होतो. शब्द तेच. पण काही ओळी आमच्यासाठी होत्या, आणि काही आमच्यासाठी नव्हत्याच. सगळं गेल्यावरही हा माणूस रोज संध्याकाळी आपलं काम करत होता. मी देव मानणारी नाही, तरी त्या तेवढ्या ओळींना मी काकींबरोबर होय म्हणायला लागले, आणि ते ऐकून आबांचे खांदे सैल होताना मी डोळ्यांनी बघितलं.

एवढं वेगळं निघाल्यावर बाकीचं भराभर सुटत गेलं. देवाच्या ओळी बाजूला पडल्या आणि उरलेल्या ओळींत फोनला आमच्याशी बोलणारे आबा सापडायला लागले. पहिली खरी मागणी निघाली ती खिडकीची. त्यांना ती अर्धी उघडी हवी होती, पुरी नको. मग भाताची पेज. मग काकींना, "गुडघ्याक तेल लाव." काकी लाजल्याच. फोनची भाषाही बदलली. बातम्यांतली मराठी गळून पडली, कारण अंगठा मालवणी शब्दालाच दाबला जायचा. चकती, श्वास, पकड, एवढ्याशा खुणांवरून एक अख्खा माणूस परत येत होता आणि मी त्याच्यासमोर बसून तो येताना बघत होते. एवढं नवल मी माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळीही अनुभवलं नव्हतं.

फक्त एक ओळ सुटत नव्हती. खांब धरून म्हटलेली, तीच. "काय चुकला माकला असात तर पदरात घे." ती देवासाठी नव्हती, फोन तेवढं खात्रीने सांगायचा. ती ते माझ्याकडे बघून म्हणायचे, दिवसातून कितीदा तरी, आणि कोणताही अंदाज त्यांना पटायचा नाही.

रजा पुन्हा संपत आली. शेवटी एका दुपारी मी आबांसमोर स्टूल घेऊन बसले. त्यांनी ती ओळ म्हटली.

"माका पुण्याक येऊचा आसा," फोन म्हणाला.

अंगठा हलला नाही. हे मला अपेक्षित होतं. मी मनाची तयारी करून ठेवली होती.

"माका हयच ऱ्हवूचा आसा."

अंगठा हलला नाही. आता मात्र मी चक्रावले. जायचं नाही, राहायचंही नाही, मग आहे काय? फोन अंदाज टाकत राहिला. भूक नाही. दुखणं नाही. राग नाही. माझी गेलेली आई आठवते का, तर तेही नाही. आबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी परत ओळ म्हटली, या वेळी हळू, एकेक शब्द माझ्या हातात ठेवल्यासारखा, आणि माझ्यावरची नजर काढली नाही. फोन बराच वेळ थांबला.

"माका इचार," तो म्हणाला.

अंगठा असा दाबला गेला की नख पांढरं पडलं. आणि पुन्हा. आणि पुन्हा. टुक, टुक, टुक.

मला विचार. एवढंच. खांबाला धरून ते एवढंच म्हणत होते. मी खोली रिकामी करून घेतली, गाडी बोलावली, बॅग भरली, फोनसुद्धा आणला, पण त्यांना विचारलं कधीच नव्हतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला कोण विचारतं? मला भयंकर लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की हसू की रडू कळेना.

मी नाक पुसलं. स्टूल आणखी पुढे ओढलं.

"आबा," मी म्हटलं, "तुमी माझ्यावांगडा पुण्याक येतास, की हयच ऱ्हवतास?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेर, खळ्याकडे. मग काकींकडे, ज्या भाताचे तांदूळ निवडण्याचं नाटक करत होत्या. मी अंदाज करायचा नाही असं ठरवलं आणि ते किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. शेवटी आबांनी तोंड उघडलं, नेहमीची "बा देवा म्हाराजा" एवढीच छोटी ओळ म्हटली, आणि फोन त्यांच्या आवाजात, कंडक्टरने सुट्या पैशांसाठी थांबायला सांगावं त्या सुरात, म्हणाला:

"फाल्या सांगतंय."

अंगठा दाबला गेला.

फाल्या म्हणजे उद्या. मी आयुष्यभर त्यांची गाऱ्हाणी ऐकली आहेत, त्यात हा शब्द कुठेही नाही. देवाकडे मागायचं ते आत्ताच्या आत्ता मागायचं असतं. तो शब्द घोकलेल्या कोठारातला नव्हता. आबांनी तो स्वतः, नव्याने, त्या अर्ध्या विझलेल्या डोक्यातून शोधून आणला होता, आणि आणला तो कशासाठी, तर मुलीला ताटकळत ठेवण्यासाठी. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. आबांनी उशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले, विचार करायचा असतो तेव्हा घ्यायचे तसे.

संध्याकाळी केदारचा फोन आला. तो घाईत होता, त्याला तिकिटं काढायची होती. "एक काढू की दोन?" त्याने विचारलं. "काय ठरलं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आबा उद्या सांगणार आहेत."